पावसात नवी दिसणारी गाडी

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नोव्हेंबर २०२४ मध्ये झालं. पाचव्या दिवशी काळा गॉगल लावून ते पहिल्यांदा खाली उतरले. मी सोबत होते. मला वाटलं, नेहमीच्या बाकावर बसतील. पण ते थेट गाडीपाशी गेले, गॉगल जरा वर केला आणि बंपरकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, ही एवढी पांढरी कधी पडली?"

गाडी लाल आहे आणि तो लाल अजून टिकून आहे. पांढरं पडलं होतं ते काळं प्लास्टिक. बंपरचा खालचा भाग, वायपरखालची जाळी, चारही दारांवरच्या आडव्या पट्ट्या. शोरूममधून आणली तेव्हा हे सगळं नव्या पाटीसारखं काळं होतं. आता त्याच पाटीवर लिहून, हाताने पुसून, पुन्हा लिहून जो धुरकटपणा चढतो तसं दिसत होतं. बाबांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाच्या टोकाला राखाडी भुकटी लागली होती.

मी त्या गाडीतून आठवड्यातून तीनदा तरी जाते, पण माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. बाबांना तर दोन-तीन वर्षं सगळंच धुक्यातून दिसत होतं. आणि लक्षात न येण्याचं आणखी एक कारण होतं, ते मला पुढे कळलं. पावसात ही गाडी नवी दिसते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ते चार महिने गाडी कायम ओली, आणि ओलं झालं की ते विटलेलं प्लास्टिक पुन्हा काळंभोर होतं. ऑक्टोबरमध्ये ऊन तापलं की पांढरेपण वर येतं, तोवर दिवाळीची गडबड सुरू झालेली असते. कोण बघतंय बंपरकडे?

गाडी २००९ ची. बाबा त्या वर्षी निवृत्त झाले आणि पीएफच्या पैशातून त्यांनी आयुष्यातली पहिली आणि एकुलती एक गाडी घेतली. एमएच ०४. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा पुन्हा पासिंग करावं लागलं. पाच वर्षांच्या नूतनीकरणाची फी पाच हजार रुपये. मार्च २०२२ पर्यंत हीच फी सहाशे रुपये होती, त्यामुळे घरात चर्चा झालीच. मामा म्हणाला, द्या भंगारात, एवढ्या पैशात नवीन गाडीचा एक हप्ता तरी जाईल. बाबा म्हणाले, इंजिन चांगलं आहे, चासी गंजलेली नाही, काढायची कशासाठी? पासिंग झालं. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी डोळा उघडला तर गाडी अशी दिसली.

त्या दिवशी त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि मला एक गोष्ट दाखवली. ड्रायव्हरच्या बाजूच्या पट्ट्या पार पांढऱ्या, डाव्या बाजूच्या नुसत्या राखाडी. आमचं घर वर्तकनगरला. आमची पार्किंगची जागा उघड्यावर आहे, गाडीचं तोंड दक्षिणेला, वागळे इस्टेटकडे. म्हणजे उजवी बाजू पश्चिमेला. दुपारी दोनपासून सूर्य येऊरच्या डोंगरामागे जाईपर्यंत ऊन सरळ त्या बाजूवर. सकाळचं ऊन मात्र डाव्या बाजूला लागायच्या आधी समोरच्या इमारतीला अडतं. पंधरा वर्षं गाडी रोज त्याच जागी, त्याच दिशेला उभी होती, आणि उन्हाने आपला हिशोब दोन्ही बाजूंवर वेगवेगळा लिहून ठेवला होता.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांची अडतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये गेली, इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणाऱ्या मशीनवर. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. बाबा तिथे हेल्पर म्हणून लागले, मग ऑपरेटर झाले, शेवटची काही वर्षं सुपरवायझर. बॅटरीचे डबे, टीव्हीची मागची बाजू, पंख्याचे भाग आणि नंतर गाड्यांचे लहानसहान पार्ट. आमच्या घरात प्लास्टिकला प्लास्टिक कोणी म्हणायचं नाही. तो माल. कच्चा असेल तर दाणा. मशीनने एकदा तोंड उघडून पार्ट टाकला की तो शॉट. पार्टला चिकटून येणारी काडी म्हणजे रनर, ती तोडून ग्राइंडरमध्ये टाकायची आणि तो चुरा पुन्हा दाण्यात मिसळायचा.

मला लहानपणी त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत काळे दाणे आणून दिले होते. मसुरीएवढे, चकचकीत, एकसारखे. मी ते मांडून खेळायचे. तो मास्टरबॅच होता, म्हणजे रंगाचा अर्क. नैसर्गिक दाणा दुधट असतो. त्याच्या पंचवीस किलोच्या गोणीत यातले थोडेच दाणे टाकले की सगळी गोणी काळी. मशीनवर रंग बदलताना शेवटचा रंग काळा ठेवायचा, कारण एकदा काळा लागला की प्लास्टिक वितळवणारं बॅरल धुऊन निघायला कितीतरी शॉट वाया जातात. आणि वेगवेगळ्या रंगांचा जो चुरा उरायचा, हिरवा, लाल, निळा, तो सगळा काळ्यात जायचा. दुसरा कुठलाच रंग त्याला पोटात घ्यायचा नाही.

तर हा माणूस त्या दिवशी बोटावरची भुकटी बघून म्हणाला, "काळा कुठे गेलेला नाहीये. त्याला धरून ठेवणारा गेलाय."

मला समजलं नाही, म्हणून वर आल्यावर चहा घेताना त्यांनी नीट सांगितलं. हे प्लास्टिक रंगवलेलं नसतं, काळं म्हणूनच जन्माला येतं. आतपर्यंत काळं. त्यातला काळा म्हणजे कार्बन ब्लॅक, बारीक काजळी. तेल अर्धवट जाळून करतात. आजी दिव्याच्या ज्योतीवर ताटली धरून काजळ पाडायची, त्याच जातीची. काजळ उन्हात विटत नाही. उलट ऊन आपल्यात शोषून घेऊन प्लास्टिकला वाचवतं. गावाला शेतात ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या यासाठीच, आणि पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाइपांत अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक असलाच पाहिजे असं भारतीय मानकातच लिहिलेलं आहे. गच्चीवर ठेवलेली पांढरी प्लास्टिकची खुर्ची दोन-तीन उन्हाळ्यांत मोडते, काळा पाइप वर्षानुवर्षं पडून राहतो.

मग गाडीचं काय झालं? काजळी टिकली, पण ती ज्या पॉलिप्रॉपिलिनमध्ये बसवलेली असते, ज्याला बाबा नुसतं पीपी म्हणतात, ते टिकलं नाही. ते लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या तोडतात. ते होऊ नये म्हणून कारखान्यात दाण्यात स्टॅबिलायझर घालतात. ते दरवर्षी थोडं थोडं खर्ची पडतं आणि एक दिवस संपतं. मग वरचा पातळ थर, केसाच्या जाडीच्या आसपासचा, ठिसूळ होतो आणि त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडतात. प्रकाश त्या भेगांत शिरून सगळीकडे विखुरतो, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. पाणी पडलं की भेगा भरतात, विखुरणं थांबतं आणि खालचा काळा पुन्हा दिसायला लागतो. चौपाटीवरची वाळू लाट येऊन गेल्यावर गडद दिसते, तसंच. वाळली की पुन्हा पांढरी.

त्यात आपलं ऊन. मेच्या मध्यावर ठाण्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच. जुलैच्या शेवटी तसाच दुसरा दिवस येतो, पण तो ढगांत हरवतो. मे महिन्यातल्या त्या दुपारी उघड्या गाडीच्या बोनेटला हात लावून बघितला आहे कोणी? काळ्या पट्टीला तर नकोच.

खरं तर २०१८ मध्ये मी यावर एक उपाय करून बसले होते, बाबांना न विचारता. आरशांची कवचं आणि मागच्या बंपरचा खालचा भाग एका गॅरेजमध्ये मॅट काळ्या रंगाने स्प्रे करून घेतला. दिसायला फार सुंदर. वर्षभरात बंपरवरचा रंग सुटायला लागला, उन्हात सोललेल्या पाठीच्या कातडीसारखा, पापुद्रे धरून ओढला की हातभर पट्टी निघायची. गंमत म्हणजे आरशावरचा रंग मात्र पक्का राहिला. हे कोडं बाबांनी आता सोडवलं. पीपीला काही चिकटत नाही. त्याच्यावर पाणी पसरत नाही, रंग पसरत नाही, फेव्हिकॉल धरत नाही. आधी पृष्ठभागाला ज्योत द्यावी लागते नाहीतर खास प्रायमर मारावा लागतो, तेव्हा कुठे रंग बसतो. त्या गॅरेजवाल्याने सरळ वरून फवारला. आरसा वेगळ्या मालाचा होता.

हे सगळं कळूनही मला हीट गनचा मोह झाला. त्याचे व्हिडिओ बघणाऱ्याला भूल पाडतात: पांढऱ्या बंपरवरून गरम हवेचा झोत फिरतो आणि मागे ओल्या शाईसारखा काळा उमटत जातो. मी शेजाऱ्यांकडून गन आणली. बाबा म्हणाले, चाकामागच्या मडफ्लॅपच्या कोपऱ्यात करून बघ. केलं. खरोखर काळं झालं, वरचा थर थोडा वितळून भेगा मिटल्या. पण पीपी १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि गनच्या तोंडाशी त्याच्या दुप्पट-तिप्पट उष्णता असते. हात दोन सेकंद रेंगाळला तेवढ्यात कडेला लाट आली. बाबांनी गन बंद करून माझ्या हातातून घेतली. "संपलेलं स्टॅबिलायझर याने परत येतं का? नाही ना? मग आपण त्याला आणखी एकदा भाजलं, एवढंच झालं."

खोबरेल, डिझेल, बूट पॉलिश, टायरला लावायचं चकचकीत पॉलिश, हे सगळे उपाय सोसायटीत जो तो सांगत होता. गाड्या धुणारा मुलगा टायरचं पॉलिश लावून द्यायला तयारच होता. या सगळ्यांचं काम पावसासारखंच, भेगांत काहीतरी भरायचं. तेल आठवडाभर टिकतं, त्यावर धूळ बसते आणि पहिल्या पावसात काळपट ओघळ लाल दारावरून खाली येतात. खोबरेलाला मी नावं ठेवत नाही, लग्नकार्याला जायच्या आदल्या रात्री ते पुरेसं आहे. पण आम्हाला त्याच्या पुढचं काही हवं होतं.

शेवटी जे केलं ते जानेवारी २०२५ च्या दोन रविवारी. जानेवारीच का, तर हवा कोरडी असते आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांची जागा रिकामी होती, ते गावी गेले होते. सावलीत काम करणं महत्त्वाचं, तापलेल्या प्लास्टिकवर काहीच नीट बसत नाही.

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. मला वाटलं होतं तासाभराचं काम. आधी शॅम्पू, मग एकाला दहा पाण्यात कालवलेलं क्लीनर आणि कपड्यांना घासायचा मऊ ब्रश. पट्टीवरून पहिला ओघळ आला तो राख कालवल्यासारखा. पुसायचं, पुन्हा घासायचं. दुसऱ्या वेळी फिकट राखाडी. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. हा मेलेला थर होता, तो काढल्याशिवाय वर काहीही लावलं तरी ते त्या भुकटीलाच चिकटणार आणि भुकटीबरोबर निघून जाणार. २०१८ च्या रंगाचे उरलेले पापुद्रे नखाने काढले. दारांच्या पट्ट्यांच्या कडेला गाडीच्या पॉलिशचे जुने पांढरे डाग वाळून बसले होते, ते ब्रशनेही हलेनात. बाबांनी नातवाच्या कंपासमधलं खोडरबर मागवलं आणि शिसपेन्सिल खोडावी तसे ते एकेक करून खोडले. पाऊण तास, एका पट्टीला. मला इतका धीर नाही. ते स्टुलावर बसून गुणगुणत करत होते.

वायपरखालची जाळी काढली तेव्हा दोन क्लिपा तुटल्या, इतक्या त्या ठिसूळ झाल्या होत्या. जाळी उलटी केली आणि आम्ही दोघंही थांबलो. मागची बाजू काळी होती. नवी कोरी, पाटीसारखी काळी, २००९ मध्ये साच्यातून पडली तेव्हाची. ऊन तिथे कधी पोचलंच नव्हतं. कोपऱ्यात उठावाची बारीक अक्षरं होती. पूर्वी अशी अक्षरं वाचायला बाबा भिंग घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी जाळी हातभर लांब धरली आणि वाचलं: पीपी अधिक ईपीडीएम, टी वीस. मग मला अर्थ सांगितला. ईपीडीएम म्हणजे रबर, पार्ट लवचीक राहावा म्हणून. टी म्हणजे टाल्क, वीस टक्के. "पावडर गं. तुला लहानपणी अंघोळीनंतर लावायचो तीच जात. वरचं पीपी झडलं की ती उघडी पडते, त्यानेही पांढरं दिसतं." आरशाच्या कवचाच्या आतल्या बाजूला एबीएस लिहिलेलं निघालं, म्हणजे वेगळ्याच जातीचं प्लास्टिक. रंग तिथे का टिकला, त्याचा पुरावा.

दुसऱ्या रविवारी आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्ध्याला अर्धं पाणी घालून सगळं पुसून घेतलं, तेलाचा अंशही राहू नये म्हणून. कोविडच्या वेळची अर्धी बाटली घरात होतीच. रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावला. मग ते द्रावण, आठशे रुपयांची इवलीशी बाटली, ज्यात काळा रंग आणि हवेत घट्ट होणारी राळ दोन्ही असतात. तेलासारखं ते ओलं राहत नाही, भेगांत शिरून तिथेच वाळतं. स्पंजच्या तुकड्यावर चार थेंब. पट्टीवर आडवा हात फिरवायचा, अगदी थोडं थोडं, आणि दोन मिनिटांत जादाचं कापडाने टिपून घ्यायचं. टिपलं नाही तर चट्टे पडतात आणि वाळल्यावर ते निघत नाहीत. पहिला हात प्लास्टिकने असा प्यायला की जणू तहानलेलंच होतं, उजव्या बाजूने डावीपेक्षा दुप्पट. दुसरा हात तासाभराने. त्यानंतर चोवीस तास पाणी नाही, हात नाही.

काळा नवा आला नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. उलट्या जाळीवर जो काळा बघितला होता त्याच्याजवळ जाणारा होता, थोडा मऊ, थोडा निवलेला. पंधरा वर्षांच्या लाल रंगाशेजारी तो शोभला. अगदी कोरा काळा तिथे परका वाटला असता, असं माझं मत.

बाबांनी मात्र मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा टेपखाली झाकून कोरडीच ठेवली. मी म्हटलं, "बाबा, तेवढंच कशाला सोडताय तुम्ही? वाईट दिसेल." ते म्हणाले, "सॅम्पल नको ठेवायला?" कारखान्यात प्रत्येक लॉटचा एक पार्ट तारीख घालून कपाटात ठेवायचे. पुढे तक्रार आली की तो काढायचा आणि शेजारी धरून बघायचं. सॅम्पल नसेल तर आपण लावलं म्हणून काळं आहे की आपल्याला तसं वाटतंय, हे कसं सांगणार? त्यांनी डायरीत नोंद केली. दर पंधरा दिवसांनी ते खाली जाऊन बघायचे आणि एक ओळ लिहायचे. मार्च: फरक स्पष्ट. एप्रिल: फरक स्पष्ट, पट्टीवर धूळ कमी बसते. मेची पहिली नोंद: दुपारी हात लावून पाहिला, भुकटी नाही.

त्या वर्षी पावसाने कोणालाच वेळ दिला नाही. वळवाच्या सरी मेभर येतच होत्या, आणि एरवी ११ जूनच्या आसपास मुंबईत येणारा मान्सून २६ मे लाच दाखल झाला. सोमवार होता. सकाळपासून असा कोसळत होता की लोकल रखडल्या आणि मी घरूनच काम करत होते. दहाच्या सुमारास बाबा छत्री घेऊन खाली जायला निघाले. मी लॅपटॉप मिटून मागोमाग गेले.

दारांच्या पट्ट्यांवर पाण्याचे गोल थेंब उभे होते, अळूच्या पानावर राहतात तसे, आणि एकमेकांत मिसळून घरंगळत होते. ओघळ आला तर नितळ. बाबांनी दोन्ही बाजू बघितल्या, बोटाने एक थेंब ढकलून पाहिला. मग मागे जाऊन सॅम्पलचा कोपरा बघितला.

तो कोपरा पाणी पिऊन काळाभोर झाला होता. थेंब उभे नव्हते, पाणी सपाट पसरलेलं होतं, पण रंगात बाकीच्या बंपरमध्ये आणि त्या चार बोटांत तसूभरही फरक दिसत नव्हता. मीही वाकून पाहिलं. नवा डोळा आणि माझे चष्म्याचे दोन, तिन्हींना तेच दिसलं.

"मग आज डायरीत काय लिहायचं?" मी विचारलं.

त्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली. "स्टिल्टमध्ये घे. वाळू दे, मग बघू."

मी गाडी आत घेतली. बाबा स्टूल आणायला वर गेले.